आटे गेल्यानंतरची दहा मिनिटं

घरी इंजिनाचं काम करताना काहीतरी बिघडणार, हे आधीच धरून चालावं. बोल्ट मोडतो, तेल सांडतं, वायसर घरंगळत नेमका जाऊ नये तिथे जातो. यातलं बहुतेक स्वस्तात निभावतं. महाग पडतं ते पुढच्या दहा मिनिटांत घाबरून, चिडून किंवा ‘आता एकदाचं होऊनच जाऊ दे’ म्हणून केलेलं काम. ठिबकणारा नट आणखी आवळणारा शेवटी अख्खा चेंबर, म्हणजे इंजिनाखालचं तेलाचं भांडं, बदलतो. मोडलेला बोल्ट त्याच संध्याकाळी काढायला बसलेल्याला हेड, म्हणजे सिलिंडरवरचा भाग, उतरवावं लागतं. पहिल्या चुकीला इंजिन सहसा माफ करतं. दुसरी चूक मात्र ते बिलात लावतं.

चेंबरखालच्या, तेल सोडायच्या नटापासून सुरुवात करू, कारण तेल बदलणं हेच बहुतेकांचं पहिलं काम असतं. मारुतीच्या बऱ्याच लहान पेट्रोल इंजिनांना हा नट एम-१४ मापाचा, दीड मिलिमीटर पिचचा (दोन आट्यांमधल्या अंतराचा) असतो आणि त्याला साधारण ३५ न्यूटन-मीटर एवढाच ताण हवा असतो. पाव मीटर लांब पान्याच्या टोकाला धरलं, तर हा १४ किलोचा जोर झाला. गाडीखाली उताणं पडून, दात-ओठ खाऊन आवळणारा माणूस याच्या दुप्पट जोर सहज लावतो. त्या दिवशी काहीच होत नाही, हीच खरी अडचण. नट पोलादाचा असतो आणि चेंबर बऱ्याचदा ॲल्युमिनियमचा, त्यामुळे झिजतात ते चेंबरचे आटे. पुढच्या कुठल्यातरी तेलबदलाला पाना नुसताच गोल फिरू लागतो आणि दोष त्या दिवशीच्या हाताला मिळतो.

नटाखालून थेंब येत असेल, तर कारण बहुतेक वेळा ढिला नट नसून जुना वायसर असतो. तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा हा वायसर एकदाच चेपून बसण्यासाठी केलेला असतो. चेपला की कडक होतो आणि दुसऱ्यांदा जागा धरत नाही. नवा वायसर काही रुपयांत मिळतो. पुण्यात नाना पेठेत फिल्टर घेताना सोबत दोन-तीन घेऊन ठेवावेत, कारण एक हमखास काळ्या तेलाच्या टबात हरवतो.

आटे गेलेच तर? आवळताना ताण वाढत वाढत अचानक मऊ लागला, की पाना तिथेच खाली ठेवायचा. ‘अजून अर्धा फेरा’ हा विचार मनात आला तरी हातात येऊ द्यायचा नाही. टेफ्लॉन टेप गुंडाळून नट बसवणं, वर एम-सील थापणं हे उपाय तासाभरात सुचतात आणि दोन्ही वाईट आहेत. तेलकट, गरम धातूवर एम-सील धरत नाही. टेपचे तुकडे सुटून चेंबरच्या आत गेले, तर तेलपंपाच्या जाळीपर्यंत पोचतात. जरा मोठ्या मापाचा, स्वतःचे आटे स्वतः पाडणारा नटही बाजारात मिळतो. पण तो तिरका बसला, तर नंतर नीट दुरुस्ती करायला पुरेसा धातू उरत नाही. खरा उपाय हेलिकॉइल, म्हणजे भोक थोडं मोठं करून नवे आटे मारायचे आणि त्यात पोलादी तारेची गुंडाळी बसवायची. चेंबर न उतरवता हे करायचं असेल, तर टॅपच्या (आटे पाडायच्या हत्याराच्या) खाचांत भरपूर ग्रीस भरावं, म्हणजे कीस त्यातच अडकतो. टॅप अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे असा चालवावा. काम झालं की अर्धा लिटर स्वस्त तेल वरून ओतून खालून वाहू द्यावं. ॲल्युमिनियमचा कीस चुंबकाला लागत नाही, त्यामुळे चुंबक फिरवून निर्धास्त होण्यात अर्थ नाही.

या बाबतीत पुण्यातला माणूस नशीबवान आहे. भोसरी-चिंचवडच्या पट्ट्यात लेथ आणि टूल रूम इतक्या आहेत, की चेंबर उतरवून नेला तर हेलिकॉइल बसवून देणारा हात नक्की सापडतो. चेंबर परत बसवताना सिलिकॉनची जेमतेम तीन मिलिमीटरची अखंड रेघ पुरते. जास्त लावलं की दाबल्यावर ते आतल्या बाजूलाही बाहेर येतं, तुटून तेलात पडतं आणि पुन्हा तीच जाळी तुंबवतं. बाहेरून दिसणारा सिलिकॉनचा जाड थर पाहून काम पक्कं झालं असं वाटतं, ते वाटणं सोडून द्यावं.

टॉर्क पाना, म्हणजे ठरवलेला ताण लागला की ‘टक्’ करणारा पाना, त्याबद्दल थोडं सांगायला हवं. बोहरी आळीत विचारलं की बहुधा अर्धा इंची, ४० ते २१० न्यूटन-मीटरचा पाना पुढे येतो. चाकांच्या नटांना तो उत्तम. पण इंजिनावरचे असंख्य लहान बोल्ट ८ ते १२ न्यूटन-मीटरचे असतात आणि तिथे हा पाना ‘टक्’ करायच्या आधीच बोल्टची मुंडी हातात येते. टॅपेट कव्हर (इंजिनाच्या माथ्यावरचं झाकण), सेन्सर असली कामं करायची असतील, तर पाव इंची, ५ ते २५ न्यूटन-मीटरचा वेगळा पाना लागतो. एकच घ्यायची ऐपत असेल तर हा लहानच घ्यावा. चाकाचा नट अंदाजाने आवळला तर निभावतं, टॅपेट कव्हरचा बोल्ट निभावत नाही.

आता मुंडी हातात आल्यावरची गोष्ट. एम-६ बोल्ट, दहाच्या गोटीचा (सॉकेटचा), साधारण १० न्यूटन-मीटरचा. जोर दुप्पट झाला की तुटतो, आणि जुना, गंजलेला असेल तर उलट फिरवतानाही तुटतो. मोडला की सगळ्यात आधी पाहायचं, दांडा बाहेर किती उरलाय. पाच-सहा मिलिमीटर उरला असेल तर निम्मं काम झालंच. गंज सोडवणारं तेल मारून तो रात्रभर तसाच सोडावा. दुसऱ्या दिवशी दांड्याच्या टोकावर हातोडीने हलक्या टिचक्या माराव्यात आणि ग्रिप प्लायरने आधी किंचित आवळायच्या दिशेला, मग सोडायच्या दिशेला असं हलवत राहावं. सरळ उलट फिरवायची घाई केली, की उरलेला तुकडाही तुटतो. दांडा अडून बसला तर भोवतालचं ॲल्युमिनियम गरम करून पाहता येतं. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगतं, त्यामुळे पकड सैल होते. मात्र इंधनाचा पाइप किंवा प्लॅस्टिकचा मॅनिफोल्ड वीतभर अंतरावर असेल, तर बर्नर लावायचा नाही.

दांडा पृष्ठभागाशी सपाट तुटला असेल, तर खरी परीक्षा. बाजारात ईझी-आउट मिळतात: बोल्टच्या मधोमध भोक पाडायचं, त्यात उलट आट्याची ही खिळी ठोकायची आणि फिरवायची. जाड बोल्टसाठी ठीक. एम-६ च्या बोल्टला मात्र ही खिळी काडीएवढी बारीक लागते, ती अतिशय कठीण पोलादाची असते आणि म्हणूनच ठिसूळ असते. ती आत तुटली की कुठलंही साधं ड्रिल तिला ओरखडासुद्धा काढत नाही. पन्नास रुपयांच्या कामाचे काही हजार होतात ते इथे. त्यापेक्षा डाव्या हाताचं, म्हणजे उलट फिरून कापणारं, ड्रिल बिट शोधावं. भोक पाडता पाडता ते बोल्टला सोडायच्या दिशेनेच ढकलतं आणि कित्येकदा बोल्ट बिटाबरोबर आपोआप बाहेर येतो. मध्यबिंदू पंचाने अचूक मारणं हाच त्या कामाचा ऐंशी टक्के भाग. वेल्डरकडून तुकड्यावर एक नट चिकटवून घेणं हा त्याहून खात्रीचा मार्ग. वेल्डच्या उष्णतेने गंजही सुटतो. वेल्डिंगआधी बॅटरीच्या दोन्ही तारा काढलेल्या असाव्यात आणि वेल्डरचं अर्थिंग त्या जागेच्या अगदी जवळ लावलेलं असावं.

आणि ईझी-आउट आत तुटलाच, तर भोसरीत स्पार्क इरोजनची यंत्रं आहेत. ठिणग्यांनी धातू कणाकणाने खाणाऱ्या या यंत्राला पोलाद किती कठीण आहे याने फरक पडत नाही. डाय बनवणाऱ्यांचं हे रोजचं काम. फक्त भाग यंत्राच्या टेबलावर न्यावा लागतो, म्हणजे हेड उतरवणं आलं. रविवारी संध्याकाळी मोडलेला बोल्ट सोमवारी वेल्डरकडे गेला असता, तर ही वेळ आली नसती.

स्पार्क प्लगचं यापेक्षा सोपं. इंजिन पूर्ण थंड असताना, प्लग ज्या खोल खळग्यात बसतो त्या विहिरीतली धूळ आधी फुंकून काढून प्लग सोडावा, नाहीतर ती धूळ सरळ सिलिंडरमध्ये पडते. नवा प्लग बसवताना गोटी नको. रबरी नळीचा वीतभर तुकडा प्लगच्या शेंडीवर चढवावा आणि बोटांनी फिरवावा. आटे तिरके लागत असतील तर नळी प्लगवर नुसती घसरते, जबरदस्ती करूच शकत नाही. नवा १४ मिलिमीटरचा, वायसरवाला प्लग हाताने टेकल्यावर अर्धा ते दोन तृतीयांश फेरा, किंवा ॲल्युमिनियमच्या हेडला २५ ते ३० न्यूटन-मीटर. जुनाच प्लग परत लावत असाल तर टेकल्यावर एक बारांश फेरा पुरतो, कारण त्याचा वायसर आधीच चेपलेला असतो. आट्यांना ग्रीस चोपडायची सवय बऱ्याच जणांना असते. त्याने घर्षण कमी होतं, पाना तोच आकडा दाखवतो आणि प्लग मात्र जास्त आवळला जातो. हातातून फरशीवर पडलेला प्लग सरळ बाजूला काढावा. आतला सिरॅमिक तडकला असेल तर बाहेरून कळत नाही.

तेलाकडे परत येऊ. एक अपघात इतका ठरावीक आहे, की त्यावर पाटीच लावायला हवी: चेंबरऐवजी गिअरबॉक्सचा नट सोडणे. पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाड्यांत गिअरबॉक्स इंजिनाच्या शेजारीच असतो आणि खालून दोन नट दिसतात. इंजिनाचं वापरलेलं तेल काळं आणि पातळ असतं. मधासारखं स्वच्छ, उग्र गंधकी वासाचं किंवा लालसर काही वाहू लागलं, तर तो गिअरबॉक्स आहे. लक्षात आलं तर बिघडलं काहीच नाही. मॅन्युअल गिअरबॉक्सला साधारण दोन-अडीच लिटर तेल लागतं, पुस्तकात दिलेल्या ग्रेडचं आणून भरायचं. ऑटोमॅटिकचं किंवा सीव्हीटीचं वेगळं: त्याचं तेल ठरावीक प्रकारचंच लागतं आणि पातळी ठरावीक तापमानाला मोजतात, म्हणून गाडी सुरू न करता उचलून न्यावी. अनर्थ होतो तो लक्षात न आल्यावर. इंजिनात जुनं तेल तसंच असतं, वरून तीन लिटर नवं ओतलं जातं आणि गिअरबॉक्स कोरडा राहतो. म्हणून नवं तेल ओतण्याआधी डिपस्टिक बघायची. ती कोरडी नसेल, तर थांबायचं.

तेल थोडं जास्त झालं तर काय होतं, यावर पारावर बसून वाद घालता येईल इतकी मतं आहेत. डिपस्टिकवरच्या दोन खुणांत बहुतेक गाड्यांत साधारण एक लिटरचं अंतर असतं. वरच्या खुणेपेक्षा तीन-चार मिलिमीटर वर गेलं तर आकाश कोसळत नाही. अर्धा-पाऊण लिटर जास्त असेल, तर मात्र क्रँकशाफ्ट तेलात फिरून ते घुसळते, फेस होतो, आणि फेसाने बेअरिंगला वंगण मिळत नाही. जास्तीचं तेल हवेच्या मार्गाने सिलिंडरमध्ये जळून निळा धूर येतो आणि सायलेन्सरकडे जाणारा धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचं आयुष्य घटतं. काढायला परत खालचा नट सोडू नये. डिपस्टिकच्या नळीत बारीक प्लॅस्टिक नळी घालायची आणि औषधांच्या दुकानात मिळणाऱ्या ५० मिलीच्या सिरिंजने ओढायचं. कंटाळवाणं आहे, पण नवे आटे मारण्यापेक्षा बरं. बीएस-६ डिझेल गाडीत न ओतता पातळी वाढलेली दिसली, तर ते डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) साफ होताना तेलात मिसळलेलं डिझेल असतं. ते उपसून भागत नाही, तेलच बदलायचं.

फिल्टरच्या बाबतीत बघायचं एवढंच, की जुन्या फिल्टरचं रबर त्याच्याबरोबर सुटून आलं की इंजिनाला चिकटून राहिलं. राहिलं असेल आणि त्यावरच नवा फिल्टर चढवला, तर सुरू केल्याबरोबर दोन रबरांमधून तेलाचा फवारा उडतो. थंड तेलाचा दाब चार-पाच बारपर्यंत जातो, चेंबर रिकामा व्हायला फार वेळ लागत नाही. जुन्या फिल्टरमध्ये स्क्रू ड्रायव्हर आरपार ठोकून फिरवायचा उपाय अनेक जण सांगतात. पत्रा फाटतो आणि बुडखा तसाच राहतो. पट्टा पाना घ्यावा. नव्याच्या रबराला तेलाचं बोट लावायचं, रबर टेकल्यावर हातानेच पाऊण फेरा. सुरू केल्यावर तेलाचा लाल दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे. दहा सेकंदांनंतरही चालू असेल तर किल्ली बंद. रेस देऊन दिवा घालवायचा प्रयत्न म्हणजे कोरड्या बेअरिंगवर इंजिन पळवणं.

कूलंटच्या बाबतीत गाडीच्या आधी माणूस भाजतो. पुणं समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे, इथे उघड्या भांड्यातलं पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. रेडिएटरच्या झाकणावर १.१ हा आकडा असेल, तर ते १.१ बार दाब धरून ठेवतं आणि त्या दाबाखाली पाणी १२० अंशांच्या आसपासही उकळत नाही. कात्रजचा किंवा खंबाटकीचा चढ चढून तापलेल्या गाडीचं झाकण उघडलं की दाब क्षणात जातो आणि आतलं पाणी एकदम उकळून वाफेसकट तोंडावर येतं. वरचा रबरी पाइप बोटांनी सहज दाबता येईपर्यंत झाकणाला हात लावायचा नाही. अर्धा-पाऊण तास तरी जातोच. भाजलंच तर वीस मिनिटं वाहत्या नळाखाली धरायचं. बर्फ, टूथपेस्ट, हळद यातलं काही नको. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतणंही नको, ॲल्युमिनियमचं हेड वाकतं आणि हेड पॅकिंग जातं.

घरी कूलंट बदलताना होणारा घोटाळा शांत असतो. चार लिटर काढलं आणि तीनच मावलं, तर उरलेल्या एका लिटरच्या जागी इंजिनात हवा अडकलेली आहे. ही वजाबाकी करण्यासाठी काढलेलं कूलंट मापाच्या बाटल्यांत भरावं. हीटर पूर्ण गरमवर ठेवून, झाकण उघडं ठेवून, थंड इंजिन सुरू करायचं, हळूहळू भरत जायचं आणि पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत बुडबुडे येऊ द्यायचे. हीटरमधून गार हवा येत असेल तर हवा अजून अडकलेली आहे. आणि तापमानाचा काटा अचानक खाली आला म्हणून सुटकेचा श्वास टाकू नये. सेन्सर कूलंटमध्ये बुडलेला नसेल तर तो नीट मोजू शकत नाही. पातळ करायला डिस्टिल्ड पाणीच वापरावं. वाघोली-बाणेरकडच्या टँकरच्या किंवा बोअरच्या पाण्याचा पांढरा थर बादलीवर दिसतो, तोच रेडिएटरच्या नळ्यांत बसतो. जमिनीवर सांडलेलं कूलंट लगेच धुवून काढावं: इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात.

काही पडलं तर पहिला नियम एकच, किल्लीला हात लावायचा नाही. वायसर प्लगच्या विहिरीत किंवा इनटेकमध्ये गेल्याचा नुसता संशय असला, तरी इंजिन एक फेराही फिरवू नये. लवचिक दांड्याचं चुंबक, फोनला जोडायचा बोअरस्कोप (बारीक नळीचा कॅमेरा) आणि व्हॅक्यूम क्लीनरच्या तोंडाला टेपने लावलेली बारीक नळी, या तीन गोष्टी बहुतेक प्रसंगांना पुरतात. जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी असली चुंबकं ढिगाने दिसतात. उघड्या तोंडांत आधीच स्वच्छ फडकं कोंबून ठेवणं हे त्याहून सोपं, फक्त ते नंतर काढायची आठवण राहायला हवी. तीही विसरली जाते.

बॅटरीची ऋण तार आधी काढायची, शेवटी लावायची. उलट केलं तर धन टोकावरचा पाना बॉडीला टेकतो आणि जागेवर वेल्ड होतो. तो हाताने ओढू नये, लाकडाने ठोकून उडवावा. अंगठी-घड्याळ आधीच काढून ठेवावं. टोकं उलटी जोडली गेली तर मुख्य फ्यूज उडतो, आणि तो उडाला हे बरंच झालं. त्याच्या जागी तार गुंडाळून गाडी चालू करणाऱ्याच्या वायरिंगचा धूर होतो.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी दाबाच्या पाण्याने इंजिन धुवायची हौस दरवर्षी बऱ्याच गाड्यांना भोवते. पाणी प्लगच्या विहिरीत साठतं, गाडी हिसके देते, इंजिनाचा पिवळा दिवा लुकलुकतो. स्थिर दिव्यावर गॅरेजपर्यंत जाता येतं. लुकलुकणाऱ्यावर नाही, कारण न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं. प्लगवरच्या कॉइल काढून पाणी टिपून घ्यावं, हेअर ड्रायरने मंद उष्णतेवर वाळवावं. पूजेला ओल्या फडक्याने पुसलेलं इंजिनही चालतं.

हे सगळं करायची जागा हाही निर्णयच आहे. सोसायटीच्या तळघरात उचलून नेणारा ट्रक उतरत नाही, इंजिन चालू ठेवलं तर कार्बन मोनॉक्साइड साठतो, आणि पेव्हर ब्लॉकवर जॅक तिरका खचतो. सपाट काँक्रीट नसेल तर जॅकखाली जाड लाकडी फळी, मागच्या चाकांना दगड, आणि गाडीखाली शिरायचं तर घोड्यांवर (जॅक स्टँडवर) टेकवूनच. विटा चिरडतात. गरम सायलेन्सरवर तेल सांडलं असेल, तर दहा-पंधरा मिनिटं धूर येईल, तो निवळतो. ज्वाळा दिसली तर बॉनेट पूर्ण उघडायचं नाही, फटीतून पावडरचा अग्निशामक मारायचा आणि १०१ ला फोन करायचा.

फरशीवरच्या तेलावर पाणी मारू नये, पसरतं. टिंबर मार्केटमधून पिशवीभर भुसा आणून ठेवावा. सांडलेल्यावर जाड थर, बुटाने रगडायचा, तासाभराने झाडून घ्यायचा, मग कपड्यांची पावडर आणि ब्रश. काळं तेल जुन्या कॅनमध्ये भरून, वापरलेलं तेल पुनर्प्रक्रियेसाठी देणाऱ्या गॅरेजच्या पिंपात रिकामं करावं. कायद्याने तो घातक कचरा आहे, आणि सोसायटीच्या गटारातून तो शेवटी मुठेतच जातो. त्यात कूलंट किंवा पेट्रोल मिसळू नये, मिसळलेलं तेल कुणी घेत नाही. भुसाही तेलाने माखलेला असतो. तो ढिगात तसाच राहिला तर आतून तापू शकतो, म्हणून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, इमारतीपासून दूर ठेवावा.